जात्यापासून कलकत्त्याच्या रजिस्टरीपर्यंत : आमच्या गावातल्या ओव्यांचं पुस्तक कसं झालं

पुस्तक आल्यापासून मला फोन येतात. कुणाच्या आईने भजनं लिहून ठेवलेली असतात, कुणाच्या वडिलांच्या कवितांची वही ट्रंकेत सापडलेली असते. प्रश्न मात्र तेच : खर्च किती आला, तो आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) कुठून आणायचा, अमरावतीत छापायचं की नागपुरात, आणि पैसे बुडत तर नाहीत ना. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सलग लिहून काढतो. ज्यांना फक्त अर्जाची माहिती हवी त्यांनी आधीचा भाग गाळला तरी चालेल. पण मला विचाराल तर खरं काम त्या आधीच्याच भागात आहे.

मी अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅनकार्ड, बोर्डाचा निकाल. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरतो. कवितेशी माझा संबंध शाळेतल्या पाठांतरापुरता आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेपुरता. या पुस्तकात माझी स्वतःची एकही ओळ नाही.

सुरुवात डिसेंबर २०२१ मध्ये झाली, तीही आधारच्या अंगठ्यावरून. श्रावणबाळ आणि निराधार योजनेतल्या म्हाताऱ्या बाया केंद्रात येतात, मशीनवर अंगठा ठेवतात आणि अंगठा जुळत नाही. जन्मभर निंदण, कापूस वेचणं, सरपण, शेणाच्या गोवऱ्या. बोटांवरच्या रेघा राहिलेल्याच नसतात. मग अंगठा पुसायचा, जरा ओला करायचा, दुसरं बोट लावून पाहायचं, तेही नाही झालं तर डोळ्याचं मशीन आहे त्या केंद्रात पाठवायचं. त्यात सर्व्हर गेला की बाया बाकावर बसून राहतात. अशाच एका दुपारी मोर्शीवाली आजी (आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावाने ओळखतात) आपल्या बोटांकडे बघत पुटपुटली :

कापसाच्या बोंडावानी फुटे माहा बाई जीव,
येचनाऱ्या हातायची कोनाले येते कीव.

बाजूची आसेगाववाली लगेच म्हणाली, "असं नाई व ते. माही माय बोंड नोती म्हनत, पऱ्हाटी म्हने." (पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड.) दोघींची जुंपली. सर्व्हर परत आला तरी कुणी उठेना. समोर कुणाच्या तरी अर्जाची वाया गेलेली झेरॉक्स पडली होती, तिच्या कोऱ्या बाजूवर मी दोघींचे पाठ लिहून घेतले. पुस्तक करायचं वगैरे तेव्हा डोक्यात नव्हतं. एवढंच वाटलं की या दोघी गेल्यावर हा वाद घालायलाही कुणी राहणार नाही.

मग एक वही ठेवली. पण वही उघडून "आजी, ओवी म्हन ना" म्हटलं की काही निघायचं नाही. "आता कायले आठोते बाप्पा, गिरन आली तवापासून जातं कोपऱ्यात पडेल हाय." बाकावर बसवून, चहा पाजून जे मिळालं ते सगळं देवादिकांचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. हिवाळा तसाच गेला.

खरा माल आला तो मार्च २०२२ मध्ये. तूर घरात आली की वर्षाची डाळ घरीच करायची रीत आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. तुरीला पाणी लावायचं, तेलाचा हात फिरवायचा, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. पीठ गिरणीतून येतं, पण घरच्या डाळीसाठी जातं अजून बाहेर निघतं. माझी बायको शेजारच्या काकूंसोबत भरडायला बसली आणि काकूंना विचारून तिने मोबाइल बाजूच्या सुपात चालू ठेवला. रात्री ऐकलं तर एक ओवी संपायच्या आत दुसरीचा पहिला शब्द तोंडावर आलेला. याच काकूंना माझ्यासमोर एकही आठवत नव्हती. पुढे हे घराघरांत तसंच दिसलं. खुंटा हातात आला, हात फिरायला लागला की ओळ येते, हात थांबला की तीही थांबते. आसेगाववालीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले कुठी येते बापू, जात्याले येते."

म्हणून ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी मुलाखती घेऊ नयेत. डाळ भरडायच्या दिवसांत जावं, लग्नघरी हळद दळायला जातं मांडतात तेव्हा जावं, आणि स्वतः थोडं दळावं. जात्याची घरघर इतकी असते की मोबाइल जमिनीवर ठेवला तर शब्द ऐकू येत नाहीत. मी सहाशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला, तो पदराला लावला की आवाज स्वच्छ येतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख आणि बाईचं माहेर-सासर बोलून घ्यायचं. नंतर शंभर फायली समोर आल्या की कोणती कुणाची ते कळत नाही. आणि त्याच दिवशी पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढून ठेवायची.

आणखी एक. मी दारात असलो की ओव्या बदलत. विठ्ठल, राम-सीता, भाऊ, भाऊबीज. मी उठून गेलो की सासू, दीर, दारू पिणारा घरधनी, सावकार, आणि काही अशा ओव्या की बायकोने मला त्या ऐकवायलाही दोन दिवस लावले. चुलीपाशी बसून मी लहानाचा मोठा झालो, पण या बाया एकमेकींना काय सांगत होत्या ते मला पहिल्यांदा तिच्या मोबाइलमधून कळलं. पुस्तकातला निम्म्याहून जास्त मजकूर तिने आणलेला आहे. त्यामुळे मुखपृष्ठावर संकलन म्हणून दोघांची नावं आहेत आणि तिचं आधी आहे.

परवानगीचा विषय टाळू नका. मी साध्या मराठीत एका पानाचं संमतिपत्र केलं : ओव्या छापणार, पैसे मिळणार नाहीत, दोन प्रती मिळतील, नाव द्यायचं की नाही ते तुम्ही सांगायचं. ते प्रत्येकीला वाचून दाखवलं, सही किंवा अंगठा घेतला. इथे मात्र सगळ्यांचे अंगठे चालले. बहुतेकींनी नाव द्या म्हटलं. एकीने सांगितलं, "माहं नाव नको टाकू, ओवी टाक. दीर जिता हाय अजून." दोघींनी काही ओव्या वगळायला लावल्या, त्या मी रेकॉर्डिंगमधूनही काढून टाकल्या. संग्रह थोडा रोडावला, पण त्याच बाया दुसऱ्या दिवशी समोर भेटणार होत्या.

पावसाळ्यात टायपिंग सुरू केलं. जुलैमध्ये पीक विम्यामुळे केंद्रात श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून रात्री. आधी मोबाइलवर बोलून टाइप करून पाहिलं. आजी म्हणते "माह्या", मोबाइल लिहितो "माझ्या". ती म्हणते "डोया", तो लिहितो "डोळा". मग ते सोडून हाताने, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर, एकेक ओळ ऐकून. एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास धरून चाला.

याच काळात इंटरनेटवर आमच्यासारखं आणखी कुणी केलंय का ते शोधलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत आणि त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर वाचायला, काही ऐकायलाही मिळतात. एक लाख! मला वाटलं आपलं काम संपलं. पण त्यातला फार मोठा भाग पश्चिम महाराष्ट्रातला आणि मराठवाड्यातला आहे. वाचत बसलो तर आमच्याकडच्या ओवीची सख्खी बहीण तिकडे भेटायची, फक्त गावाचं, नदीचं आणि पिकाचं नाव वेगळं. तिकडे ऊस, इकडे पऱ्हाटी. ना छापखाना, ना शाळा, ना लिहिता येणारी बाई, आणि तरी दोन ओळी इतक्या लांब गेल्या कशा? लग्न होऊन, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या पोरींच्या तोंडून. दुसरा रस्ताच नव्हता. म्हणून मग प्रत्येक ओवीखाली बाईचं माहेर छापायचं ठरलं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई असते, पोरींचा गाण्यांचा सण. २०२२ मध्ये कोजागरी ९ ऑक्टोबरला होती, तोपर्यंत बायकोने पोरींसोबत फिरून भुलाबाईची गाणी घेतली. ती सगळीकडे बऱ्यापैकी सारखीच असतात, त्यामुळे पुस्तकात थोडीच आहेत.

दिवाळीनंतर प्रकाशक बघायला निघालो. एका प्रकाशकांनी कागद चाळले आणि म्हणाले, "ओव्या कोण विकत घेतं हो? त्यापेक्षा स्वतःच्या कविता लिहा, संमेलनात वाचता तरी येतील." दुसऱ्याने पॅकेज सांगितलं : पंचेचाळीस हजारांत २०० प्रती, आयएसबीएनचे अडीच हजार वेगळे, प्रकाशन समारंभाचे वेगळे. पैसे घेऊन छापणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांचाही धंदा आहे. पण कागद कोणता, प्रती नेमक्या किती, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे ते लेखी द्यायला तयार नव्हते. लेखी देत नसतील तर उठून यायचं.

परतीच्या एसटीत ते "कोण विकत घेतं" डोक्यात फिरत होतं. ऋद्धपूर आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिला मान आहे त्या महदंबेने तेराव्या शतकात तिथे धवळे गायले ते महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी. म्हणजे लग्नातली गाणीच की! महानुभावांनी ती जपली म्हणून आज विद्यापीठात शिकवतात. तेव्हा कुणी खपाचा अंदाज काढला असेल असं वाटत नाही. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, आपणच छापू. तिने बचत गटातून दहा हजार उचलले, महिना एक टक्का व्याजाने. बाकी केंद्राच्या कमाईतून.

आता आयएसबीएन. पुस्तक छापायला हा क्रमांक कायद्याने सक्तीचा नाही, पण ग्रंथालयं, दुकानं आणि ऑनलाइन विक्रीसाठी विचारतात. तो देते नवी दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली. फी शून्य. हे वाक्य दोनदा वाचा, कारण याच फुकट क्रमांकाचे लोक हजारो रुपये घेतात. पोर्टलवर आधी स्वतःची नोंदणी करायची (लेखक स्वतःच प्रकाशित करत असेल तर तशी सोय आहे), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, ती मंजूर झाली की पुस्तकासाठी अर्ज करायचा. त्याला मुखपृष्ठ आणि शीर्षकपान लागतं, म्हणून ही दोन पानं आधी तयार करून घ्या. आधारवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता अक्षरशः एकच ठेवा. हा सल्ला मी गावात रोज देतो, इथेही तोच.

मी अडलो तो लेखकाच्या रकान्यापाशी. लेखक कोण? गाणारी बाई म्हणते माझ्या आईची, आई असती तर तिने आजीचं नाव सांगितलं असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा ऐवज आपल्या नावावर चढवायला हात धजेना. दुसऱ्याच्या वावराचा फेरफार आपल्या नावाने केल्यासारखं वाटत होतं. शेवटी आम्हा दोघांची नावं संकलक-संपादक म्हणून घातली, पुस्तकाच्या आत 'पारंपरिक' असं स्पष्ट छापलं आणि गाणाऱ्या बायांची यादी पहिल्याच पानावर घेतली. अर्ज डिसेंबर २०२२ मध्ये केला, क्रमांक जानेवारीत आला. तेरा अंकी, भारतातल्या नव्या पुस्तकांचा बहुधा असतो तसा ९७८-९३ ने सुरू होणारा. तेव्हा छपाईची तारीख ठरवण्याआधी महिना-दीड महिना हाताशी ठेवा. हा क्रमांक मागच्या कव्हरवर बारकोडसह आणि आत हक्कांच्या पानावर, दोन्हीकडे टाकायचा. पुढे ई-बुक काढलं तर त्याला वेगळा क्रमांक लागतो, जसंच्या तसं पुनर्मुद्रण केलं तर लागत नाही.

कॉपीराइटची नोंदणी केली का, असंही विचारतात. नाही केली. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी पाचशे रुपये भरून नोंदणी होते, अर्ज दाखल झाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. पण हक्क नोंदणीने निर्माण होत नाही, लिहिल्याबरोबरच असतो. स्वतःच्या कवितांचं पुस्तक असेल आणि चोरीची भीती असेल तर जरूर करा. आमच्या पुस्तकात आमचं म्हणावं असं निवड, मांडणी आणि प्रस्तावना एवढंच. ओव्या कुणीही म्हणाव्या, छापाव्या.

फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखेला वर्ध्यात ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं. एक दिवस काढून गेलो, भाषणं ऐकायला नाही, पुस्तकं मोजायला. खिशात फूटपट्टी होती. ग्रंथप्रदर्शनात काव्यसंग्रह हातात घेऊन आकार, कागद, अक्षराचा ठसा, दोन ओळींतलं अंतर वहीत उतरवून घेतलं. एका विक्रेत्याने सांगितलं की कवितेची पुस्तकं तो मागच्या रांगेत ठेवतो, पुढची जागा स्पर्धा परीक्षेला. पण त्याच मागच्या रांगेपाशी दोन कॉलेजच्या पोरी एकेका कवितेचे मोबाइलवर फोटो काढत उभ्या होत्या. विक्रेता वैतागला होता. मला त्या पोरींचं नवल वाटलं. पुस्तक घ्यायला पैसे नसतील, पण ती नेमकी कविता सोबत न्यायचीच होती. कविकट्ट्यावर तर नाव पुकारलं जायची वाट पाहणारे कवी दाटीवाटीने बसले होते. कविता वाचत कुणी नाही म्हणतात, लिहिणारे मात्र जिकडेतिकडे! ऐकणाऱ्यांपेक्षा कविता म्हणून दाखवणारे जास्त होते हेही खरं.

मार्चमध्ये अमरावतीच्या एका छापखान्यात काम दिलं. पहिल्या भेटीतच विचारा की त्यांचं सॉफ्टवेअर युनिकोड (मोबाइल-इंटरनेटवर चालते ती अक्षरांची पद्धत) घेतं का. आमचा मजकूर युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फाँटमध्ये नेताना "येचनाऱ्या"तल्या "ऱ्या"चा आणि बऱ्याच रफारांचा चुरा झाला आणि तो भाग डीटीपी (संगणकावर पानं जुळवण्याचं काम) करणाऱ्या दादांना पुन्हा हाताने बसवावा लागला. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे दादा भले गृहस्थ होते. शुद्धलेखन त्यांच्या बोटांत मुरलेलं. पहिल्या प्रुफात "मले"चं "मला", "दयन"चं "दळण", "कोनाले"चं "कोणाला" झालेलं. "भाऊ, पुस्तक छापून राह्यले तर शुद्ध नको का?" असं ते मनापासून म्हणाले. मी बायकोने आणलेलं एक रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. दोन-तीन ओव्या झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले नाहीत, पूर्ण फाईल ऐकली आणि म्हणाले, माझी आजी असंच म्हणायची. त्यानंतर प्रुफात एकही अक्षर "सुधारलेलं" आलं नाही. उलट "हे तुम्ही शहरी लिहिलंय" असं दोन ठिकाणी त्यांनीच दाखवलं. नियम आम्ही एकच ठेवला : बाई जसं म्हणाली तसं. एकीच्या तोंडी "बाभूळ" आणि दुसरीच्या तोंडी "बाभय", दोन्ही पुस्तकात आहेत. प्रूफ मोठ्याने वाचा. डोळा चूक सोडून देतो, पण मोठ्याने वाचलं की ओवी अडखळते तिथे छपाईचा दोष सापडतो.

पानांचं गणित सांगतो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म असतो. आमची पानं १०५ भरत होती. छापखानेवाले म्हणाले, सात फॉर्म म्हणजे ११२ पानांचा कागद तसाही लागणार, सात पानं कोरी सोडता की काही भरता? त्या सात पानांत आम्ही शब्दसूची घातली. आता सगळ्यात जास्त वाचली जाते ती तीच, खासकरून नातवंडांकडून. प्रती ठरवतानाही असंच : शंभरच्या आत काढायच्या असतील तर डिजिटल परवडतं, तीनशेच्या पुढे ऑफसेट. आम्ही ३०० काढल्या.

हिशेब असा. डीटीपी ११२ पानं, पानाला ४५ रुपये, म्हणजे ५,०४० रुपये. मुखपृष्ठ १,५००. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला ७२ रुपये, जीएसटी धरून, म्हणजे २१,६००. माइक ६००. टपाल ४०० च्या आसपास. प्रकाशनाच्या दिवशीचा चहा-चिवडा २,२००. एकूण ३१ हजारांच्या थोडं वर, म्हणजे प्रत साधारण १०४ रुपयांना पडली. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर असतो, हे दर विचारताना आधीच स्पष्ट करून घ्या. किंमत १२० ठेवली. दुकानदार चाळीस टक्के कमिशन मागतात, म्हणजे दुकानात ठेवलं की प्रत्येक प्रतीमागे तोटाच. त्यामुळे विक्री हातोहात.

प्रकाशन २२ एप्रिल २०२३ ला, अक्षय तृतीयेला, कारण लेकीबाळी माहेरी येतात. मारुतीच्या देवळाच्या पारावर. मंचावर हळद-कुंकू लावून जातं सजवावं अशी सूचना आली होती, ती मी मानली नाही. जातं फिरणार नसेल तर ठेवायचं कशाला. प्रमुख पाहुणे नव्हते. प्रत्येक गाणाऱ्या बाईला दोन प्रती दिल्या. मोर्शीवाली तोपर्यंत राहिली नव्हती, तिच्या प्रती सुनेने नेल्या.

समारंभानंतर एक सरकारी काम उरतं, ते बहुतेक हौशी लोक करत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने एकेक प्रत चार ग्रंथालयांना पाठवायची असते : कलकत्त्याचं राष्ट्रीय ग्रंथालय (बेल्व्हेडिअर, अलीपूर, ७०००२७), मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. पन्नास रुपयांना घाबरून कुणी पाठवत नसेल, मी पाठवलं ते वेगळ्याच लोभाने. आसेगाववालीला सही येत नाही, पण तिच्या ओव्या कलकत्त्याला सरकारी कपाटात राहणार होत्या. तालुक्याच्या पोस्टात जाऊन चारही पाकिटं रजिस्टर बुक पोस्टाने केली. त्या वेळी ती सोय होती आणि स्वस्तात पडायची, आता ती बंद झाली आहे. पाकीट दोन्ही टोकांना उघडं ठेवावं लागायचं, आत पुस्तकच आहे हे तपासता यावं म्हणून. टपालाचे नियम बदलत असतात, खिडकीवर विचारून घ्या. पावत्या जपून ठेवा, सोबत एक साधं पत्र घाला.

प्रतींचं पुढे असं झालं. शंभरेक गावातच गेल्या. एका लग्नघराने हळदीला आलेल्या बायांना द्यायला म्हणून एकवीस घेतल्या. जवळपासच्या वाचनालयांनी आणि शाळांनी काही घेतल्या, उधारी अजून येते आहे. बचत गटाचे दहा हजार दिवाळीपर्यंत फिटले. कपाटात आता मोजक्याच उरल्यात, त्या मी विकत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानीमनी नव्हती. गाणाऱ्या बायांना वाचता येत नाही. नातवंडं वाचून दाखवतात, आणि वाचून झालं की बाया चिडतात. "हे अर्धंच हाय." "हे माही नोय, त्या शिरजगाववालीची हाय." "अशी नसते व ते, इथं भाऊ नाई, बाप पाह्यजे." केंद्रात कामाला आलेली बाई आधार काढायच्या आधी ओवी दुरुस्त करून देते. छापलेलं बघून त्यांना न छापलेलं आठवतं. ज्यांनी पहिल्या वेळी दार लावून घेतलं होतं त्याही आता निरोप पाठवतात की आमच्या राहिल्या. माझ्याकडे दुरुस्त्यांची आणि नव्या ओव्यांची दुसरी वही भरत आली आहे.

म्हणजे पुढची छपाई पुनर्मुद्रण ठरणार नाही, सुधारित आवृत्ती ठरेल आणि तिला नवा आयएसबीएन लागेल. पुन्हा शीर्षकपान, पुन्हा अर्ज, पुन्हा चार पाकिटं. पानं वाढली तर १२८, म्हणजे आठ फॉर्म. छापखान्याकडून नवा दर मागवला आहे. शिरजगाववालीच्या घरी तूर वाळत घातली आहे, पुढच्या आठवड्यात भरडायला बसणार म्हणाली. बायको जाणार आहे. मोबाइलची मेमरी तेवढी रिकामी करायची राहिली आहे.